मास्तरचा पगार

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी सुरतेस घरी गेलो होतो. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतून जो कोणी एकदा जरी गेला असेल त्याला तिथला यंत्रमागांचा खडखडाट विसरता येणार नाही. आमच्या घरी पाहुणा आला की पहिल्या रात्री त्याला झोप लागत नाही, आणि आम्ही बेळगावास आलो की आम्हांला लागत नाही. वर्षातून एकदाच हा आवाज थांबतो, तो दिवाळीस. त्यानंतर निदान लाभपाचमेपर्यंत, म्हणजे आपल्या पांडवपंचमीपर्यंत, खाती बंद असतात. (सुरतेत मागांच्या शेडला ‘खाते’ म्हणतात. बँकेशी त्याचा संबंध एवढाच की बहुतेक खात्यांवर बँकेचे कर्ज असते.)

अशा त्या शांततेत एका दुपारी मी अप्पांच्या शेजारी बॅटरी धरून उभा होतो आणि अप्पा पान्हा घेऊन मागाखाली आडवे झाले होते. अप्पा बेळगावच्या वडगावातून पंचवीस वर्षांपूर्वी विणकर म्हणून सुरतेस गेले. आता ते चोवीस मागांचे एक खाते भाड्याने घेऊन चालवतात. मागाखाली आडवे होणे हे वास्तविक त्यांचे काम नव्हे, ते मास्तरचे काम. इचलकरंजीस ज्याला जॉबर म्हणतात त्याला सुरतेत मास्तर म्हणतात. पट्टे बदलणे, धोटा फेकणाऱ्या काठ्या तपासणे, तेल-ग्रीस पाहणे, एखादा माग नुसत्या आवाजावरून ‘हा चार दिवसांत बसणार’ हे ओळखणे, हे सगळे त्याच्याकडे. आमच्या गल्लीतील पाच लहान खात्यांनी मिळून एक मास्तर ठेवला होता. ओडिशाचा माणूस, अबोल. माग बिघडो न बिघडो, पाचही खाती त्याला दरमहा ठरलेली रक्कम देत.

श्रावणात पाचांपैकी एका खातेदाराने हात आखडता घेतला. त्याचे म्हणणे असे, की तीन महिन्यांत माझा एकही माग बंद पडलेला नाही, मग मी पैसे कशाचे देऊ? अप्पा त्याला म्हणाले, “अहो, बंद पडला नाही, त्याचेच पैसे की!” पण ते त्याला पटले नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्यानेही तेच केले. उरलेल्या तिघांच्या पैशांत मास्तरचे घर चालेना, तेव्हा तो एका मोठ्या वॉटरजेटच्या कारखान्यात निघून गेला. जाताना त्याने कोणालाही दोष दिला नाही. आणि म्हणून त्या दुपारी अप्पा मागाखाली होते.

या मजकुराचा संगणकाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. बॅटरी धरून उभा असताना मला त्या क्षणी आठवत होते ते माझ्याकडे सात महिने उत्तरावाचून पडलेले एक पत्र. ते एका कंपायलरविषयी होते. त्याविषयीच मला लिहायचे आहे. संगणकशाखेबाहेरच्या मित्रांसाठी आधी कंपायलर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. शाखेतल्यांनी एवढा परिच्छेद सोडून पुढे जावे.

आपल्या या अंकाचेच दोन विभाग आहेत, मराठी आणि कन्नड. आपल्या गावात कितीतरी घरांत असे होते की आजीला मराठीच येते आणि कचेरीतला अर्ज कन्नडातून लिहायचा असतो. मग शेजारचा एखादा मुलगा बोलावला जातो. तो आजीचे ऐकतो आणि अर्ज लिहितो. कंपायलर हा असा मधला मुलगा आहे. माणूस सी किंवा सी प्लस प्लस यांसारख्या भाषेत लिहितो आणि कंपायलर ते यंत्राच्या आकड्यांत उतरवतो. पण नुसती भाषा येऊन अर्ज मंजूर होत नाही. कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, शिक्का कुठे मारायचा, सोबत काय जोडायचे, हेही त्या मुलाला ठाऊक असावे लागते. संगणकातील ही कचेरी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. फाइल उघडायची, पडद्यावर अक्षर उमटवायचे, स्मृती मागायची, तर प्रत्येक वेळी तिच्याच दारात जावे लागते. चिप तीच असली तरी विंडोजची कचेरी वेगळी, लिनक्सची वेगळी. त्यामुळे एका कचेरीत मुरलेला कंपायलर दुसऱ्या कचेरीच्या रीतीभाती कोणीतरी शिकवल्याशिवाय तिथे चालत नाही. हे शिकवण्याचे काम एकदा करून संपत असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

माझी कचेरी आहे हायकू. तिचा इतिहास थोडा करुण आणि थोडा गमतीचा आहे. झाँ-लुई गासे यांनी १९९० साली बी नावाची कंपनी काढली आणि तिने बीओएस ही सुरेख प्रणाली बनवली. कंपनी बाजारात टिकली नाही. २००१ साली तिची मालमत्ता पाम कंपनीने घेतली आणि बीओएस संपली. ज्यांना ती आवडत होती त्यांनी त्याच वर्षी ठरवले की आपण ती पहिल्यापासून पुन्हा लिहू, आणि ती सर्वांना खुली ठेवू. २००४ साली या प्रयत्नाला हायकू हे नाव मिळाले. बीओएसच्या ब्राउझरमध्ये चूक झाली की तिची सूचना हायकू कवितेच्या थाटात येत असे, त्याची ही आठवण. २००९ साली पहिली अल्फा आवृत्ती, २०१८ साली पहिली बीटा, २०२४ च्या सप्टेंबरात पाचवी बीटा. दोन तपांहून अधिक काळ चाललेले हे काम प्रामुख्याने फावल्या वेळात झालेले आहे.

मी तिच्याकडे वळलो तो तत्त्वासाठी नव्हे, गरिबीमुळे. पहिल्या वर्षी माझ्यापाशी जो संगणक होता तो अप्पांच्या ओळखीच्या एका हिशेबनिसाने टाकून दिलेला होता. विंडोज त्याच्यावर इतकी सावकाश उघडे की तेवढ्यात खानावळीत जाऊन येता यावे. हायकू घातली आणि त्याच यंत्रात जीव आला. पुढे असे लक्षात आले की जगात ही प्रणाली वापरणारे थोडे, आणि त्यांतही तिच्यासाठी काही करणारे फारच थोडे. त्यामुळे तिथे माझ्यासारख्या दुसऱ्या वर्षाच्या पोराचेही काम घेतले जाते. इतर प्रणालींवरचे कार्यक्रम हायकूवर आणून बसवण्याचे काम हायकूपोर्ट्स या नावाने चालते. प्रत्येक कार्यक्रमासाठी एक कृती लिहायची असते, आणि तिला रेसिपी असेच म्हणतात. मी एका लहानशा, फारशा कोणाला माहीत नसलेल्या भाषेचा कंपायलर घेतला. भाषेचे नाव सांगत नाही. सांगितले तरी कोणी ओळखणार नाही, आणि ओळखलेच तर मला लाज वाटेल.

आता ही राखण कशाची असते ते पाहा. या क्षेत्रातला आधारवड म्हणजे जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली त्याची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. २०१५ पासून त्याची दरवर्षी एक नवी मोठी आवृत्ती येते. हायकूसाठी जीसीसीत जे फेरफार करावे लागतात ते हायकूचे लोक आपल्या स्वतंत्र भांडारात ठेवतात. म्हणजे मूळ जीसीसी एक पाऊल पुढे गेला की यांना आपले ठिगळ उसवून नव्या कापडाला पुन्हा शिवायचे. एकदा दोनदा नव्हे, दर वर्षी. आणि ठिगळ नीट बसले तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

त्याहून बिकट गोष्ट जुन्या कंपायलरची. बीओएसचे जुने कार्यक्रम हायकूवर जसेच्या तसे चालावेत, असा या लोकांचा हट्ट. ते कार्यक्रम जीसीसीच्या २.९५ या मालिकेने बांधलेले. ही मालिका १९९९ सालची. पुढे २००१ साली जीसीसीची तिसरी आवृत्ती आली आणि तिने सी प्लस प्लसमधील नावे नोंदवण्याची व वस्तू स्मृतीत मांडण्याची पद्धतच बदलली. जुन्याने बांधलेला कार्यक्रम आणि नव्याने बांधलेले ग्रंथालय यांची तोंडओळखही राहिली नाही. म्हणून हायकूची ३२-बिटांची आवृत्ती दोन कंपायलर बाळगते, एक आजचा आणि एक १९९९ सालातला. मूळ जीसीसीवाल्यांनी २.९५ वरून केव्हाच हात काढून घेतला. सुरतेत ज्या जातीच्या मागाचे सुटे भाग बाजारात मिळेनासे होतात, त्याचे भाग मास्तर लेथवर करवून घेतो. तसा हा प्रकार आहे. मला स्वतःला वाटते की हा हट्ट आता सोडायला हवा, पण तो हट्ट धरणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे.

नव्या भाषांचीही तीच गत. रस्ट ही आज सर्वांच्या तोंडी असलेली भाषा. तिच्या कंपायलरच्या यादीत हायकूचे नाव आहे, पण तिसऱ्या श्रेणीत. तिसऱ्या श्रेणीचा अर्थ असा की मजकूर आत ठेवला आहे, पण तो बांधला जातो की नाही हे कोणी आपोआप तपासणार नाही, आणि तयार प्रतही मिळणार नाही. पंगतीला बसायला हरकत नाही, पान मात्र आपणच आणायचे.

माझ्या कंपायलरचे काय झाले ते आता सांगतो. वर्षभर मी तो नीट सांभाळला. तिसऱ्या वर्षाच्या मध्यास मी तो पुढच्या जीसीसीवर बांधून पाहिला, तर बांधला जाईना. कारण क्षुल्लक होते. मूळ लेखकाने फार वर्षांपूर्वी काही फंक्शने आधी जाहीर न करताच वापरली होती. पूर्वीचा जीसीसी कुरकुर करून ते चालवून घेई. २०२४ च्या मे महिन्यात निघालेल्या चौदाव्या आवृत्तीपासून ती सरळ चूक धरली जाते. असे शंभर-दीडशे ठिकाणी होते. बुद्धीचे काम नव्हते, चिकाटीचे होते. चार-पाच रविवार गेले असते. पण त्याच सुमारास कॅम्पस मुलाखती जवळ आल्या. मुलाखतीत कोणी ‘तू काय चालू ठेवलेस?’ असे विचारत नाही, ‘तू काय नवे बनवलेस?’ असे विचारतात. मी नवे काही बनवायला बसलो. कंपायलर तसाच राहिला.

मग ते पत्र आले. परदेशातले एक निवृत्त गृहस्थ. आपल्या गावच्या वाचनालयाचा हिशेब त्यांनी हौसेने या लहानशा भाषेत लिहून हायकूवर चालवला होता. तुमच्या रेसिपीने मला मदत झाली, आभारी आहे, पुढची आवृत्ती केव्हा येईल, असे त्यांनी विचारले. उत्तर द्यायचे तर ‘मी काही करणार नाही’ असे लिहावे लागले असते, म्हणून मी लिहिलेच नाही. दोन महिन्यांनी दुसरे पत्र आले, पहिल्यापेक्षा अधिक नम्र. मी तेही ठेवून दिले. काम न करण्यापेक्षा हे न कळवणे अधिक वाईट, हे मला तेव्हाही समजत होते.

यात माझा आळस किती आणि व्यवस्थेचा दोष किती, हा हिशेब मी पुष्कळदा मांडून पाहिला. आळस माझाच, त्याबद्दल वाद नाही. परंतु ज्या कामाचे मोल कोणीच धरत नाही ते फक्त सद्वर्तनी माणसांच्या भरवशावर सोडणे शहाणपणाचे आहे काय? आमच्या गल्लीतील मास्तर सद्वर्तनी होता. तरी तो गेला.

ओपन सोर्स म्हणजे फुकट, अशी आपल्याकडे सरसकट समजूत आहे. घेणाऱ्याला ते फुकट असते, सांभाळणाऱ्याला नसते. मग पैसा आजवर कुठून आला? १९८९ साली अमेरिकेत तिघांनी मिळून सिग्नस नावाची कंपनी काढली. कंपायलर फुकटच राहील, पण तो तुमच्या चिपवर बसवून द्यायचे व चालू ठेवायचे पैसे आम्ही घेऊ, असा त्यांचा धंदा. चिप बनवणाऱ्यांना हे पटले, कारण कंपायलर नसेल तर चिप कोण घेणार? १९९९ साली रेड हॅटने ही कंपनी विकत घेण्याइतकी ती मोठी झाली होती. आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. केपीआयटी कमिन्स या कंपनीने हिताचीच्या, पुढे रेनेसासच्या, लहान चिपांसाठी जीसीसीची साधने कित्येक वर्षे तयार करून दिली. ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येत, आणि अडचण कळवली तर उत्तरही मिळे. जपानी चिप जगभरच्या यंत्रांत बसावी म्हणून पुण्यातली मंडळी कंपायलरची मशागत करीत होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला चौथ्या वर्षापर्यंत नव्हते. पण हा मार्ग तिथेच चालतो जिथे विकायला काही वस्तू असते. हायकूपाशी विकायला काही नाही.

सरकारनेही यात हात घातला आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले, केंद्र सरकारच्या मुक्त सॉफ्टवेअर योजनेच्या पैशांतून. जीसीसीच्या लाखो ओळींच्या अरण्यात नवख्याने शिरावे कसे, हे शिकवणाऱ्या त्यांच्या कार्यशाळांची टिपणे मी वाचली आहेत. माझ्या डोक्यात जो काही उजेड पडला त्यातला बराचसा तिथला. असे केंद्र आपल्या देशात झाले याचा मला अभिमान वाटतो. तथापि योजनेला मुदत असते, आणि कंपायलरच्या राखणीला मुदत नसते.

तिसरा मार्ग बक्षिसाचा. मोटोरोलाच्या ६८००० या जुन्या चिपची गोष्ट मजेदार आहे. अमिगा, अटारी हे ऐंशीच्या दशकातले संगणक तिच्यावर चालत. जीसीसीने आपली एक जुनी अंतर्गत पद्धत काढून टाकायचे ठरवले. या चिपचा विभाग त्याच पद्धतीवर उभा होता, त्यामुळे तो विभागच गळणार हे दिसू लागले. तेव्हा २०१९ साली हौशी लोकांनी वर्गणी जमवून बक्षीस लावले, आणि वर्ष संपण्यापूर्वी एका जाणत्या प्रोग्रामरने तो विभाग नव्या पद्धतीवर आणून दिला. हे वाचून मला फार आनंद झाला होता. आजही होतो. पण वर्गणीचा स्वभाव आपण जाणतोच. गणपतीच्या मूर्तीसाठी, मांडवासाठी, बँडसाठी वर्गणी पडते. अकराव्या दिवशी मांडवाचे खांब उपटून खड्डे बुजवायला कोणी पावती फाडत नाही. विभाग वाचवण्याला बक्षीस मिळाले, पण पुढची दहा वर्षे दर वसंतात तो तपासण्याला बक्षीस नसते. गुगलची समर ऑफ कोड ही योजनाही मला याच जातीची वाटते. २००५ पासून ती चालू आहे, हायकू तिच्यात २००७ पासून सामील झाली, आणि आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना तिने पहिला पैसा व पहिला आत्मविश्वास दिला. पण ती उन्हाळ्यापुरती. नवे काही उभारायला पैसे मिळतात, आणि सप्टेंबरात कॉलेज सुरू असते.

मला जो मार्ग योग्य वाटतो तो सर्वांत नीरस आहे. हायकूच्या मागे हायकू इन्कॉर्पोरेटेड नावाची एक लहान ना-नफा संस्था आहे. लोकांच्या देणग्यांतून तिने २०२१ साली एका जुन्या कार्यकर्त्याला कराराने पूर्णवेळ नेमले. अमुक एक नवी चीज बनव म्हणून नव्हे, जे आहे ते चालते ठेव, सुधार, मोडेल ते जोड म्हणून. थोडक्यात, पाच खात्यांनी मिळून मास्तर ठेवला. बेंगळूरूच्या झेरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस/फंड नावाने वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी मुक्त सॉफ्टवेअरसाठी जाहीर केला, तोही मला स्वागतार्ह वाटतो. आपण जे वापरतो त्याच्या राखणीचे देणे लागतो, हे एका भारतीय कंपनीने उघड मान्य केले. पण अशा निधीकडून लहान प्रणालीच्या वाट्याला किती येणार? आले तरी तो एकदाच मिळालेला धनादेश. मास्तरला धनादेश नको असतो, सात तारखेला पगार हवा असतो. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती चुकता कामा नये.

कोणी म्हणेल, मूठभर लोक वापरतात त्या प्रणालीसाठी एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. १९९१ च्या ऑगस्टात हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, आणि तिच्यावर जीसीसीची १.४० ही आवृत्ती चालू लागल्याचेही सांगितले. तेव्हा लिनक्स वापरणारी माणसे बोटांवर मोजण्याजोगी होती. दुसऱ्या कोणी कंपायलर आधीच लिहून खुला ठेवला नसता तर त्या मुलाला आधी कंपायलर लिहावा लागला असता, आणि मग लिनक्सचे काय झाले असते कोण जाणे. अर्थात प्रत्येक लहान प्रणाली लिनक्स होत नाही. हायकू होणार नाही, असेच मला वाटते. माझे कारण त्याहून साधे आहे. ज्याच्यापाशी टाकाऊ यंत्र आहे आणि शिकायची हौस आहे त्याला शिरायला जागा लहान घरांतच मिळते. मोठ्या घरांत दरवान असतात.

सगळेच माग राखावेत असेही माझे म्हणणे नाही. सुरतेत धोट्याचे जुने माग किलोच्या भावाने भंगारात जाताना मी पाहिले आहेत, आणि त्यांतले कित्येक गेले ते बरेच झाले. कंपायलरचेही तसेच. फक्त ते उघडपणे व्हावे. जीसीसीने २०२४ साली चौदाव्या आवृत्तीत इटानियम या चिपचा विभाग बाद होणाऱ्यांच्या यादीत घातला. यादी वाचून एक माणूस पुढे आला, मी सांभाळतो म्हणाला, आणि पुढच्या आवृत्तीत तो विभाग यादीतून उतरवला गेला. यादीच लावली नसती तर पुढे येणाऱ्याला कळले कसे असते? मी माझ्या कंपायलरबाबत नेमकी ही यादी लावली नाही.

आता थोडे आपल्या महाविद्यालयाविषयी. आपल्या संगणकशाखेत दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुले प्रकल्प करतात. त्यांत ग्रंथालय-व्यवस्थापनाची प्रणाली दरवर्षी किमान दोन गट नव्याने बनवतात, आणि आपल्या ग्रंथालयात अजून वहीच चालते. त्याऐवजी एखाद्या लहान प्रणालीवरचा एक कंपायलर आपण का घेऊ नये? एका तुकडीने दोन वर्षे सांभाळावा आणि जाताना पुढच्या तुकडीस हाती धरून शिकवावा. स्नेहसंमेलनाच्या मांडवाला जो खर्च येतो त्याच्या लहानशा अंशातून एका मुलाला दरमहा दोन हजार रुपये देता येतील. दोन हजारांत फार काही होत नाही, पण घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही हे काम आहे असे वाटू लागते. ही कल्पना मी आमच्या एका सरांपुढे मांडली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “छान आहे. पण याला मार्क कसे द्यायचे? मुलांनी नवे काय केले म्हणून दाखवायचे?” मी म्हणालो, “सर, वर्षाअखेर तो चालू असेल तर मार्क द्या.” सर हसले. नियम त्यांनी केलेले नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी मी ही सूचना इथे छापील स्वरूपात ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी विचारले तर सरांना दाखवायला अंक राहील.

सुरतेहून परत आल्यावर मी त्या निवृत्त गृहस्थांना पत्र लिहिले. उशिराबद्दल क्षमा मागितली, आणि कंपायलर माझ्याकडून होत नाही, पण कुठे अडले आहे ते सगळे लिहून देतो, असे कळवले. कुठल्या फाइलीत कुठल्या ओळीवर काय करावे लागेल याची यादी केली. तिला दोन रात्री लागल्या. त्यांचे उत्तर तिसऱ्या दिवशी आले. आपल्याला सी फारसे येत नाही, पण यादी समजते आहे, रोज पाच-सहा ओळी करून पाहीन, असे त्यांनी लिहिले आहे, आणि पहिल्या अकरा ओळी सोबत जोडल्या आहेत. त्यांतल्या दोन चुकल्या आहेत. येत्या रविवारी बसून मी त्या दुरुस्त करून पाठवणार आहे. अप्पांच्या खात्याला मात्र अजून मास्तर मिळालेला नाही. तीन खाती मिळून शोधत आहेत, आणि नवा माणूस जुन्याच्या दीडपट मागतो.